रेकॉर्डिंग लावण्याआधी आवाज कुठून जातो ते बघा

दादा, सांगली मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीवरच्या आठ आयपी फोनांवर (नेटवर्कवरून चालणारे फोन) कॉल रेकॉर्डिंग लावायचं म्हणताय, ते म्हणजे शिकायला उत्तम काम. बिनधास्त हात घाला.

आधी एवढं पक्कं करा: कॉल जोडणं-तोडणं सिप ही नियमपद्धत बघते, आवाज मात्र आरटीपी या दुसऱ्या पद्धतीच्या वेगळ्या पॅकेटांतून (डेटाच्या छोट्या तुकड्यांतून) जातो; जाणारा वेगळा, येणारा वेगळा. नवख्यांचं घोडं इथंच अडतं. आवाज थेट एका फोनवरून दुसऱ्यावर गेला आणि तुम्ही सर्व्हरच्या पोर्टवर पॅकेट पकडत बसलात, तर कॉलची नोंद दिसेल, आवाज मिळणार नाही. म्हणून सुरुवातीला रेकॉर्डिंग पीबीएक्सवरच, म्हणजे पेढीचे कॉल जोडणाऱ्या त्या सर्व्हरवरच करा. स्विचवरून (फोनांच्या नेटवर्क केबली जोडणारी पेटी) पॅकेट उचलायचं नंतर बघू. एसआरटीपी, म्हणजे आरटीपीचं कुलूपबंद रूप असेल तर ती पॅकेटं किल्लीशिवाय उघडतही नाहीत.

बाकी तीन गोष्टी:

- अडत्याचा आवाज येतो, गिऱ्हाइकाचा नाही? एकच बाजू पकडली गेलीय.
- ८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो वाव फाइल मिनिटाला जवळजवळ १ एमबी खाते. जुन्या फाइली कधी काढायच्या ते आजच ठरवा.
- कॉल रेकॉर्ड होतोय, हे समोरच्याला सुरुवातीलाच ऐकवा. यात चालढकल अजिबात नको.

आधी दोनच फोनांवर करून बघा आणि फाइल शेवटपर्यंत ऐका.