सिनेमा दिग्दर्शित करायला चेन्नईला जायचं म्हणतोस, तर

तमिळ दिग्दर्शक त्यागराजन कुमारराजाचं उदाहरण नीट बघ. पहिला सिनेमा 'आरण्य कांडम'. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या दक्षिण आशियाई महोत्सवात ज्युरीचा पुरस्कार मिळाला, आणि इकडे सेन्सॉरने ५२ कट सांगितले. निर्मात्यांनी अपील केलं, त्यात महिने गेले. जून २०११ मध्ये सिनेमा लागला आणि आपटला. पुढे पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, तरी दुसरा सिनेमा, 'सुपर डिलक्स', यायला २०१९ उजाडलं! लोक 'आरण्य कांडम'ला 'कल्ट' म्हणतात, म्हणजे मोजक्या चाहत्यांनी डोक्यावर घेतलेला सिनेमा. म्हणू देत, घरभाडं त्यातून निघत नाही.

म्हणून आधी पोटापाण्याचं बघ. जाहिराती, संकलन, दुसऱ्यांच्या पटकथा, काहीही चालेल. पहिल्या सिनेमाच्या मानधनावर वर्ष काढायचा हिशेब करू नकोस.

दुसरं, सेन्सॉरचा वेळ प्रदर्शनाच्या वेळापत्रकात आधीच धर. सेन्सॉरविरुद्ध अपील ऐकणारं न्यायाधिकरण २०२१ मध्ये बंद झालं; आता थेट उच्च न्यायालय. वकील, तारखा, आणि तोवर निर्मात्याच्या कर्जाचं व्याज चालूच. शिव्या आणि रक्तपात कथेला खरंच हवेत का, हे लिहितानाच ठरव. हवे असतील तर निर्मात्याला पहिल्याच बैठकीत सांग.

सहायक होऊन वर्षानुवर्षं घासणं हा एकच रस्ता नाही. कार्तिक सुब्बराज आणि नलन कुमारसामी हे दिग्दर्शक 'नाळैय इयक्कुनर' या टीव्हीवरच्या लघुपट स्पर्धेतून वर आले. तेव्हा दोन-तीन लघुपट करूनच जा. आणि तमिळ शीक रे, सेटवर हिंदीच्या भरवशावर राहू नकोस.