मानमंदिराचे हंस चंदेरीवर छापण्याआधी

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. तुम्ही ग्वाल्हेर किल्ल्यातल्या मानमंदिर राजवाड्याच्या टाइल्सवरचे हंस चंदेरी दुपट्ट्यांवर डिजिटल प्रिंट करून घेतले, नमुना छान होता, माल आला तो निळा उडालेला आणि कापड मऊ पडलेलं. इथे ग्वाल्हेरलाच माझ्या बाबतीत अगदी हेच झालंय.

नमुना कोणत्या कापडावर दाखवला होता? माझ्या छपाईवाल्याने (नाव घेत नाही) तो साध्या सुतीवर काढला होता. चंदेरीचा ताणा (उभे धागे) रेशमाचा, बाणा (आडवे धागे) सुताचा. दोन्हीवर रंग सारखा चढत नाही. त्यात कापड पारदर्शक, म्हणजे गडद निळाही फिकाच दिसणार. शिवाय चंदेरीचा कडकपणा टिकतो तो रेशमातला नैसर्गिक डिंक काढलेला नसतो म्हणून. छपाईनंतर गरम साबणाच्या पाण्यात घातलं की तो सुटतो आणि दुपट्टा ओल्या फडक्यासारखा लोंबतो. जाब विचारला तर उत्तर काय, "कापडच तसं होतं." आगाऊ रक्कम बुडाली, कापड वाया गेलं, लग्नसराई हातची गेली. अजूनही आठवलं की संताप होतो.

मी काही छपाईतली तज्ज्ञ नाही, नीट काम करणारेही असतील. पण माझं मत ठाम आहे: हे हंस छापू नका, विणून घ्या. मानमंदिर बांधणाऱ्या राजा मानसिंह तोमरांच्या कारागिरांनी निळ्या पट्टीवर पिवळे हंस एकामागून एक बसवलेत, तो तयार काठच आहे. १५२८ मध्ये बाबर किल्ला पाहायला आला, तेव्हा त्याने टाइल्समधल्या केळीच्या झाडांची नोंद केली. ती उभी पानं पदराला शोभतील. फोटो मात्र जसाच्या तसा देऊ नका. हंस ग्राफच्या चौकोनांत बसवा, मानेचा बाक पायऱ्यापायऱ्यांनी येऊ द्या, पिसं गाळा. बुट्टीत जितके रंग, तितक्या तिल्ल्या (बुट्टीचा धागा घालायच्या छोट्या कांड्या) वाढतात आणि विणकाम तितकं रेंगाळतं. दोन रंग पुरे.

रेखाटनाला सकाळी जा, पूर्वेच्या भिंतीवर तेव्हाच ऊन असतं, दुर्बीण न्या. आणि विणकराला मोबाइलवरचा निळा दाखवू नका, रंगवलेल्या धाग्याची लडी हातात द्या. पैसे पहिला वीतभर काठ विणून झाल्यावर.