एसएसएलसीला ५७०, पीयूसीच्या पहिल्या टेस्टला ११

जुलै संपत आला की एकच तक्रार वेगवेगळ्या घरांतून येऊ लागते : "दहावीपर्यंत पहिल्या तिनात होती हो, कॉलेजला गेली आणि काय झालं कळेना." खानापूर, येळ्ळूर, कडोली, उचगाव, निपाणीकडची गावं. एसएसएलसीपर्यंत (म्हणजे कर्नाटकातली दहावी) मराठी माध्यम आणि जूनपासून बेळगावात पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स, सगळं इंग्रजीतून. पहिल्या टेस्टचा पेपर हातात पडला की घरात रडारड, मग ट्यूशनची शोधाशोध, मग "सायन्स काढूया काय" ही चर्चा. त्यातल्याच, माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या एका मुलीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटी मोजक्या संवादांत आणल्या आहेत.

खानापूर तालुक्यातलं आतलं गाव. एसएसएलसीला ६२५ पैकी ५७०. फिजिक्सच्या टेस्टला ३५ पैकी ११. वडिलांनी बसता बसताच विचारलं, "मॅडम, कॉमर्सला घालू काय? मार्कापायी पोरीनं खाणंपिणं सोडलंय." मुलगी मान खाली घालून म्हणाली, "मला कायच कळत नाही. वर्गात सगळ्यांना कळतंय, मलाच तेवढं नाही."

"कायच कळत नाही" या वाक्याशी मी वाद घालत नाही, आणि "होईल सगळं ठीक" असा धीरही देत नाही. मी उत्तरपत्रिका मागते. घाबरलेलं मन सगळं एकाच रंगात रंगवतं. कागदावर मात्र कुठे काय झालं ते वेगवेगळं दिसतं. तिला म्हटलं, "२४ मार्क गेलेत ना? ते कशाकशाने गेले ते वाटून काढ." अर्धा तास लागला. १३ मार्कांचे प्रश्न कोरे सोडलेले. ६ मार्क अर्धवट उत्तरांचे. ३ एककं आणि चिन्हं चुकल्याचे. समजूतच चुकली म्हणून गेलेले मार्क होते फक्त २.

कोऱ्यातला एक प्रश्न मी मराठीतून विचारला : चेंडू सरळ वर फेकला, सगळ्यात उंच जागी त्याचा वेग किती, त्वरण किती?

"वेग शून्य. त्वरण शून्य नाही, गुरुत्व खाली ओढतच असतंय की."

"मग लिहिलं का नाहीस?"

"इंग्लिशमध्ये वाक्य जमवेना. चुकलं तर सर सगळ्यांसमोर वाचून दाखवतील वाटलं."

"अडलं तर वर्गात कुणाला विचारतेस?"

बराच वेळ ती बोललीच नाही. मग म्हणाली, "कुणाला विचारू? सगळ्या कन्नडमध्ये बोलत्यात. मी मागं बसते. डबा पण एकटीच खाते."

या मुलांच्या बाबतीत जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इथे आहे. घरचे "अभ्यासात मागे पडली" आणि "मैत्रिणी नाहीत" अशा दोन तक्रारी वेगळ्या सांगतात, आणि पहिलीवर ट्यूशन लावून दुसरी "होतील हळूहळू" म्हणून सोडून देतात. माझ्या अनुभवात या दोन तक्रारी नसतात. लेक्चरमध्ये एक पायरी सुटते, ती सगळ्यांचीच सुटते. ज्याला शेजारी आहे तो तास संपताच "हे कसं आलं?" म्हणून विचारतो आणि दोन मिनिटांत मोकळा होतो. जिला शेजारी नाही तिची पायरी तशीच राहते, दुसऱ्या दिवशीचा तास तिच्यावरच उभा असतो, आणि महिन्याभरात "कायच कळत नाही" हे जवळजवळ खरं होतं. म्हणून मी एका माणसापासून सुरुवात करते. आत्मविश्वास आधी येईल आणि मग मुलगी बोलेल, याची वाट पाहत बसण्यावर माझा विश्वास नाही. आधी छोटीशी कृती करायची, धीर तिच्या मागून येतो.

"मैत्रीण कर" हे सांगणं निरुपयोगी आहे, कारण त्यात नेमकं काय करायचं ते कळत नाही. तिला काम दिलं एवढंच : प्रॅक्टिकलला जी जोडीदार आहे तिला एक प्रश्न विचारायचा. व्हर्नियर कॅलिपरचा (बारीक मापं घ्यायच्या साधनाचा) प्रयोग चालू होता. प्रश्न ठरवूनच दिला : "झिरो एरर प्लस धरलीस की मायनस?" व्हर्नियरचं शून्य मुख्य मापपट्टीच्या शून्याच्या उजवीकडे असेल तर एरर धन, आणि ती वाचनातून वजा करायची, इथे निम्मा वर्ग गोंधळतो. त्यामुळे या प्रश्नाला कुणी हसत नाही. भाषा कुठलीही चालेल, शाळेतलं कन्नड, मोडकं हिंदी, बोट दाखवून सुद्धा.

पुढच्या भेटीला ती दारातूनच बोलत आली. "मॅडम, ती पण इंग्लिश मीडियमची नाही, कन्नड मीडियमची! बैलहोंगलकडची, हॉस्टेलला राहती. तिला पण इंग्लिश जात नाही. ती म्हणाली, तू गप्प असतीस म्हणून मला वाटायचं तुला सगळं येतंय."

एवढं ऐकायला मिळावं म्हणूनच तो प्रश्न दिला होता. इकडची मराठी मुलं धरून चालतात की कन्नड बोलणाऱ्यांना कॉलेज सोपं जातं. बोलायला सोपं जातं, हे खरं. पण सायन्सचा तास इंग्रजीत असतो, आणि कन्नड माध्यमातून आलेली मुलगी तिथे तेवढीच हरवलेली असते. दोघी एकमेकींच्या गप्प बसण्याला हुशारी समजत होत्या.

मग अभ्यासाची घडी बसवली. उद्या जो भाग होणार त्याची दोनच पानं आदल्या रात्री १५ मिनिटं वाचायची, अडलेल्या शब्दांखाली रेघ मारायची, अर्थ दहापेक्षा जास्त शब्दांचे बघायचे नाहीत. सगळा धडा मराठीत उतरवून काढायचा मोह या मुलांना फार होतो. त्यात तीन-तीन तास जातात आणि परीक्षेत पुन्हा इंग्रजीच लिहायचं असतं, म्हणून तो बंद. समजून घेताना मराठी खुशाल वापरावी, लिहिताना मात्र पहिल्या दिवसापासून छोटी इंग्रजी वाक्यं. रोज एक डेरिव्हेशन (सूत्र कसं येतं त्याच्या पायऱ्या) पुस्तक मिटून लिहायचं, तेच तिसऱ्या आणि सातव्या दिवशी परत. वाचून पाठ झाल्यासारखं वाटतं, हात मात्र दुसऱ्या ओळीला थांबतो. ते लिहिल्याशिवाय कळत नाही.

सरांना विचारायचं तर तास संपल्यावर, वही उघडून, अडलेल्या ओळीवर बोट ठेवून. "सर, धडाच कळला नाही" म्हटलं की सर तरी काय सांगणार? "या ओळीतून ही ओळ कशी आली" याला दोन मिनिटांत उत्तर मिळतं. पेपरात कोरी जागा सोडायची नाही. दिलेल्या राशी, सूत्र, आकृती एवढं तरी उतरवायचं, कारण पायरीपायरीला मार्क असतात. तिचे कोरे १३ निम्म्यावर आणायचे, एवढंच पहिलं उद्दिष्ट ठेवलं होतं.

वडिलांशी वेगळं बोलले. पहिल्या पीयूसीचे मार्क केसीईटीच्या (कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेच्या) इंजिनिअरिंग रँकमध्ये धरत नाहीत. दुसऱ्या वर्षाचे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सचे मार्क निम्मे आणि सीईटीचे निम्मे असा हिशोब असतो. मात्र सीईटीला पहिल्या वर्षाचा भागही येतो, त्यामुळे समजून घेण्याला सूट नाही, मार्कांच्या बाबतीत तेवढी थोडी उसंत आहे. पहाटे पाचची ट्यूशन मी थांबवायला सांगितली. बसच्या वेळा सांभाळून पोर आधीच सहा तासच झोपत होती. संध्याकाळची बस येईपर्यंत दोघी कॉलेजच्या लायब्ररीत बसू लागल्या, तीच तिची ट्यूशन झाली. आणि घरी "किती मार्क पडले?" याऐवजी "आज कुणाला काय विचारलंस?" असं विचारा म्हटलं. त्यांना ते आधी विचित्र वाटलं, पण विचारत राहिले.

सहामाहीला फिजिक्समध्ये ती निम्म्याच्या वर गेली. मॅथ्स अजून कच्चं आहे, ट्रिग्नोमेट्री अडते. पण कोरा प्रश्न एकच होता.

सगळ्यांचं असं होत नाही. दोन आठवडे झोप-जेवण सुटलेलं असेल, कॉलेजचं नाव काढताच पोटात दुखत असेल, "मी नसते तर बरं" असं काही तोंडून निघालं असेल, तर मार्क बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी नंबरवर मराठीतूनही बोलता येतं, फोनला पैसे पडत नाहीत.

विषय बदलायचा प्रश्न राहिला. एका टेस्टवरून तो ठरवू नका. पेपर घेऊन बसा आणि गेलेले मार्क वाटून बघा. कोरे आणि अर्धवट जास्त असतील तर वरचं सगळं करून सहामाहीपर्यंत थांबा. पण कॉलेजात बदलाची मुदत कधीपर्यंत आहे ते आजच विचारून ठेवा. मराठीतून विचारूनही उत्तर येत नसेल, आणि मुलीला मुळात त्या विषयात रस नसेल, तर कॉमर्सला किंवा आर्ट्सला घालण्यात कमीपणा काहीच नाही. मात्र तो निर्णय तिच्याशी बोलून घ्या, निकालाच्या दिवशी तर नकोच.