‘किटप’ म्हणजे काय?

“लाओशी, शब्द सगळे येतात हो हिला. पण ऐकताना एकही कळत नाही.”

चीनमधल्या सुझोऊ शहरात येऊन मला अकरा वर्षं झाली. ‘लाओशी’ म्हणजे शिक्षिका, इथे मला सगळे हेच म्हणतात. त्यातली नऊ मी इथल्या शाळकरी मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी समुपदेशक म्हणून बोलते आहे. इंग्रजीबद्दलचं हे वाक्य किती वेळा ऐकलं याची मोजदाद मी कधीच सोडून दिली. कधी आई म्हणते, कधी वडील, कधी मुलगा स्वतः मान खाली घालून. गेल्या दिवाळीत साताऱ्याहून चुलत बहिणीचा फोन आला, तिचा मुलगा मराठी माध्यमातून शिकून पुण्याला कॉलेजात गेलाय. ती म्हणाली, “वाचलं तर कळतं गं त्याला, ऐकलं की डोक्यावरून जातं.” तेव्हा ठरवलं, एकदा सविस्तर लिहायचं. ज्या मुलीबद्दल लिहिते आहे तिची ओळख बदलली आहे. तिला मेई म्हणू.

आधी परीक्षेबद्दल थोडं, नाहीतर आईचा जीव इतका टांगणीला का, ते कळणार नाही. गाओकाओ म्हणजे बारावीनंतरची, विद्यापीठाचं दार उघडणारी परीक्षा. दरवर्षी ७ जूनला सुरू होते. एकूण गुण ७५०, त्यात चिनी, गणित आणि इंग्रजीला प्रत्येकी १५०. आमच्या जिआंग्सू प्रांतात इंग्रजीचा पेपर ८ जूनला दुपारी ३ ते ५ असतो आणि सुरुवातीची वीसेक मिनिटं श्रवणाची. २० प्रश्न, प्रत्येकी दीड गुण. पहिली पाच छोटी संभाषणं एकदाच ऐकवतात. प्रत्येकानंतर १० सेकंद. त्या दहा सेकंदांत उत्तरावर खूणही करायची आणि पुढचा प्रश्नही वाचून ठेवायचा. लांब संभाषणं दोनदा ऐकवतात. मग वाचन: चार उतारे, आणि एक उतारा पाच गाळलेल्या वाक्यांचा, ज्यासाठी सात वाक्यं दिलेली असतात, म्हणजे दोन फसवी. वाचनाचे ५० गुण. ऐकणं आणि वाचणं मिळून ८०, निम्म्याहून जास्त पेपर.

श्रवणाच्या आधी एक नमुन्याचा प्रश्न येतो, वर्षानुवर्षं तोच. शर्टाची किंमत किती? उत्तर, नऊ पौंड पंधरा पेन्स. इथे परीक्षा देऊन गेलेल्या कुणालाही हा शर्ट पाठ असतो, त्यावर विनोद चालतात. मेईने पहिल्या भेटीत सांगितलं, “शर्ट ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो.”

ती तेव्हा गाओ-सानमध्ये, म्हणजे शेवटच्या वर्षात, नुकतीच गेली होती. इंग्रजीत १५० पैकी १०८. श्रवणात ३० पैकी साडेसोळा. तिच्या आईने शब्दांची वही आणली होती. इथे ‘साडेतीन हजार शब्द’ हा मंत्रच आहे, तेवढे पाठ केले की इंग्रजी झालं असं घरोघरी मानतात. मेईचे ते सगळे पाठ होते. रात्री साडेदहाला, शाळेतला संध्याकाळचा अभ्यासवर्ग संपवून घरी आल्यावर, आई तिला रोज एक पूर्ण श्रवणचाचणी सोडवायला बसवत होती. रोज. आणि गुण जागचे हलत नव्हते.

(जाता जाता: इथे मुलांच्या आयांना मुलाच्या नावापुढे ‘मामा’ लावून हाक मारतात. पहिल्या वर्षी एखाद्या नाजूक बाईला ‘मेई मामा’ म्हणताना मला हसू दाबावं लागायचं.)

माझी चूक आधी कबूल करते. पहिल्या दोन भेटी मी तिला श्वासाचे व्यायाम शिकवण्यात घालवल्या. पोटात गोळा येतो म्हणाली ना, मग भीती घालवू. तिने आज्ञाधारकपणे श्वास घेतला, सोडला, आणि पुढच्या चाचणीत पुन्हा साडेसोळा आणले. शांतपणे आणले, एवढाच फरक.

तिसऱ्या भेटीत मी तिची चुकांची वही मागितली. इथल्या प्रत्येक मुलाकडे अशी वही असते, चुकलेला प्रत्येक प्रश्न तिथे नीट उतरवायचा. मेईची वही म्हणजे नुसती रांगोळी होती, लाल, निळ्या, हिरव्या शाईत. एका पानावर तिने रोमन अक्षरांत एक शब्द लिहून पुढे तीन प्रश्नचिन्हं केली होती. ‘किटप’.

“हा काय शब्द?”

“माहीत नाही. संभाषणात होता. तीन शब्दकोश पाहिले. सापडला नाही.”

मी ते संभाषण लावलं. दुकानातला माणूस विचारतो, कोट कधी न्याल? बाई म्हणते, ‘आय विल पिक इट अप ऑन ट्यूजडे.’ मी तेवढंच वाक्य पुन्हा लावलं. मग कागदावर तीन शब्द सुटे लिहिले: पिक. इट. अप. आणि बोट फिरवत एका श्वासात म्हटले. पिकिटप.

मेईने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. “हे तर मला पहिलीपासून येतं!” मग ती हसायला लागली. दोन महिन्यांत ती माझ्यासमोर पहिल्यांदा हसत होती.

ही खरी गाठ आहे, आणि ती हुशारीची नाही. प्रमाण चिनी भाषेत अक्षर संपतं ते स्वरावर, नाहीतर न, ङ किंवा र यांवर. शेवटी क, ट, प येतच नाहीत. इंग्रजीत मात्र शब्दाच्या शेवटचा क उडी मारून पुढच्या शब्दाच्या मांडीवर जाऊन बसतो. चिनी कानाला ‘पि’ ऐकू येतं आणि मग एक अनोळखी ‘किटप’. म्हणजे मेईचे साडेतीन हजार शब्द डोळ्यांचे होते, कानांचे नव्हते. डोळ्याने पाठ केलेला शब्द कानाला पुन्हा भेटवावा लागतो. आणखीही खाचा आहेत. बोलताना चिनीत ‘तो’ आणि ‘ती’ दोन्ही ‘था’च, त्यामुळे संभाषणातला ‘ही’ कोण आणि ‘शी’ कोण हे मुलांच्या हातून निसटतं. आकड्यांचं तर विचारू नका. त्यांची मोजणी दहा हजारांच्या ‘वान’वर चालते, म्हणून ‘टू हंड्रेड थाउजंड’ ऐकलं की डोक्यात आधी ‘वीस वान’ करावं लागतं. आपण नाही का ‘मिलियन’ ऐकलं की आधी दहा लाख म्हणतो आणि तोवर बातमी पुढे गेलेली असते? मी मुलांना सांगते, आकडा शब्दांत मनात धरू नका, ऐकता ऐकता अंकांत लिहून टाका.

पण किटपचा उलगडा झाल्यावरही एक गोष्ट राहिलीच. मी विचारलं, “किटप ऐकल्यावर पुढे काय ऐकलंस?”

“काही नाही.”

“पुढे आणखी तीन वाक्यं होती.”

“मी किटपपाशीच होते.”

मी तिची वही पुन्हा चाळली. चुका एकेकट्या नव्हत्या, घोळक्याने होत्या. दुसरा चुकला की तिसरा, चौथा गेलाच. एका दीड गुणासाठी ती तिथेच उभी राहायची आणि बाकीचे शेजारून निघून जायचे.

“एखादा शब्द सुटला तर काय होईल?”

“सुटायला नको, लाओशी. प्रत्येक शब्द कळला पाहिजे. ‘यीतिंग’ कळला पाहिजे.”

‘यीतिंग’ म्हणजे नक्की, हमखास. माझी टिपणं मी मराठीत लिहिते. त्या रात्री लिहिताना हातून उमटलं, ‘कळलाच पाहिजे’, आणि त्या ‘च’वर माझं बोट थांबलं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा फार जीव आहे, हे माझ्या सहकाऱ्यांना ठाऊक आहे आणि थोडं कंटाळवाणंही वाटतं. त्या पद्धतीचं सार आमच्या भाषेने एका अक्षरात ठेवलंय असं मला नेहमी वाटतं. कळला तर बरं, ही इच्छा. कळलाच पाहिजे, हा हुकूम. आणि हुकूम मोडला की मन शिक्षा भोगत बसतं, कान बंद करून.

पण हे मेईला सांगून काय उपयोग? ‘सगळं कळायला हवं असं नाही’ हे वाक्य तिने शिक्षकांकडून दहादा ऐकलेलं होतं. पुढच्या भेटीत मी परीक्षेचा विषयच काढला नाही. इकडच्या तिकडच्या गप्पांत आजीचा विषय निघाला. आजी जुन्या शहरात राहते, सुझोऊची बोली बोलते. ही बोली प्रमाण चिनीपासून इतकी वेगळी की बेजिंगचा माणूस ऐकत राहील नुसता. आणि आताची मुलं ती बोलत नाहीत, शाळेत सगळं प्रमाण भाषेतच. मेईलाही धड येत नाही. पण आजी तिला पिंगतान ऐकायला घेऊन जाते, सुझोऊच्या बोलीतलं ते वाद्यांच्या साथीचं कथागायन. चहाचा पेला, सूर्यफुलाच्या बिया आणि तासभर गोष्ट.

“तुला सगळं कळतं तिथे?”

“छे. अर्धं.”

“मग कंटाळा येतो?”

“नाही. गोष्ट कळते ना.”

“अर्ध्या शब्दांत गोष्ट कशी कळते?”

ती विचारात पडली. “आता बाई रडणार हे आधीच कळतं. आवाजावरून. आणि आजी फोनवर बोलते तेव्हा तर... ती तीनच गोष्टी विचारते. जेवलीस का, थंडी वाजते का, झोप झाली का. मग मधले शब्द नाही कळले तरी...”

ती तिथेच थांबली. मी काहीही बोलले नाही. नऊ वर्षांत एवढं मात्र शिकले आहे, अशा वेळी समुपदेशकाने तोंड मिटून बसावं. खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटरचा भोंगा वाजवत होतं. मिनिटभराने मेई म्हणाली, “लाओशी, मी आजीला ऐकते आणि इंग्रजी तपासते.”

मी ते वाक्य तसंच वहीत उतरवलं. माझ्या पुस्तकांच्या कपाटात त्याहून नेमकं काही नाही.

मग पुढचं सोपं झालं. सोपं म्हणजे, काय करायचं ते कळलं. संभाषण लागण्याआधी प्रश्न वाचायचे आणि आजीचा फोन येणार आहे असं समजायचं: हे लोक कुठे असतील, काय विचारतील? शब्द सुटला तर जमेल त्या पर्यायावर खूण करून पुढच्या प्रश्नावर नजर न्यायची. ते दहा सेकंद पुढच्यासाठी आहेत, मागच्याच्या सुतकासाठी नाहीत. उत्तरपत्रिकेवर खुणा उतरवायला शेवटी दोन मिनिटं वेगळी मिळतातच.

रोजच्या सरावासाठी मी रात्रीची पूर्ण चाचणी बंद करायला सांगितली. मेईच्या आईचा चेहरा पडला. “बाकीची मुलं करतात, लाओशी.”

“करतात. रात्री साडेदहाला तुम्हाला तरी काही ऐकू येतं का?”

ती जरा हसली. त्याऐवजी सकाळी एकच छोटं संभाषण, तेच तीन दिवस. आधी नुसतं ऐकायचं. मग ऐकू येईल ते लिहायचं, चुकीचं का असेना. मग मजकूर उघडून जिथे शब्द एकमेकांना चिकटले तिथे खालून कमान काढायची, आणि आवाजाबरोबर मोठ्याने म्हणायचं. इथे शाळेत सकाळी मोठ्याने वाचायचा तास असतो, पन्नास मुलं एकाच वेळी ओरडून वाचतात, त्यामुळे मेईच्या पुटपुटण्याकडे कुणाचं लक्ष जाण्याची भीती नव्हती. बारा-पंधरा मिनिटांचं काम. जे तोंडाने एकदा चिकटवून म्हटलं, ते कानाला लवकर ओळखू येतं, हा माझा अनुभव आहे.

वाचनाचं थोडक्यात सांगते, कारण रोग तोच. उतारा वाचताना मी तिच्या पेनाकडे बघत होते. ते पुढे जायचं, थांबायचं, मागे यायचं. लांब वाक्यात हमखास. हे मला मराठीमुळे लगेच कळलं, याचा थोडा अभिमान बाळगते. आपण म्हणतो, ‘मी काल बाजारातून आणलेली भाजी’. भाजी शेवटी. चिनीतही अगदी असंच. इंग्रजी आधी भाजी टाकते आणि मग तिला शेपूट लावते: जी मी आणली, बाजारातून, काल. आपल्याकडे निदान ‘जी... ती’ची सोय आहे, चिनीत तीही नाही. म्हणून मेई प्रत्येक वाक्य शेवटापर्यंत नेऊन उलटं फिरवायची, चिनी करून घ्यायची आणि मग ‘समजलं’ म्हणायची. चौथ्या उताऱ्याला वेळ कुठून उरणार? आणि ऐकताना तर मागे फिरताच येत नाही. आम्ही नियम केला: पेन फक्त पुढे. भाजी आली की भाजी डोळ्यासमोर आणायची, मग शेपटाचा एकेक तुकडा तिला जोडत जायचं. अनोळखी शब्दाखाली टिंब द्यायचं आणि चालू पडायचं. पेपर काढणाऱ्यांनाही हे अपेक्षित असतं. अधोरेखित शब्दाचा अर्थ संदर्भावरून ओळखा, हा प्रश्न उगाच विचारत नाहीत.

पहिले तीन आठवडे गुण कमी झाले. आईचे मला रात्री संदेश येत. मी टिकून राहिले, खरं तर थोडी धास्तावून. वसंतातल्या सराव परीक्षेत श्रवणात ३० पैकी २४ आले, एकूण ११९. वाचन त्या मानाने कमी सुधारलं. मागे फिरायची सवय जुनी होती.

८ जूनला परीक्षा केंद्राच्या रस्त्यांवर गाड्यांना भोंगे वाजवायला मनाई असते. दुपारी तीनला मी घरी चहा करत होते आणि घड्याळाकडे बघत होते. आता शर्ट आला असेल. साडेपाचच्या सुमाराला मोबाइलवर मेईचा आवाजी संदेश आला. चक्क सुझोऊच्या बोलीत, मागे आजीचा आवाज आणि ताटं मांडल्याचे आवाज. मी दोनदा ऐकला. मला त्यातलं निम्मंही कळलं नाही, पण जेवायला बोलावत होत्या एवढं नक्की.