एकेक मासा जातोय, ठिपके दिसत नाहीत: आधी औषधं थांबवा, मग बोलू

तुमचं सगळं नीट वाचलं. १२० लिटरची टाकी, दोन वर्षं छान चाललेली, नवीन गप्पी आणून थेट त्यात सोडले, आठवड्याच्या आत त्यातलेच दोन गेले, मग जुने गप्पी, मग प्लॅटी आणि आता निऑन टेट्रा खाणं सोडून कोपऱ्यात उभे. गुरामी आणि कोरी ठणठणीत. पांढरे ठिपके नाहीत पण पाठीवर फिकट चट्टा, एकदोघांच्या तोंडाला पांढरं काहीतरी. तुम्ही व्हाइट स्पॉटचं (पांढऱ्या ठिपक्यांच्या परजीवी आजाराचं) औषध दिलं, मग अँटीबॅक्टेरियल, मग मीठ, आणि हीटर ३० वर नेला, आणि त्यानंतर मरण्याचा वेग वाढला. बरोबर ना?

तर पहिली गोष्ट, आजच्या आज सगळी औषधं बंद. चौथं नवीन औषध आणायला तर अजिबात जाऊ नका. आणि हीटर हळूहळू खाली आणा, दिवसाला एक-दोन डिग्री करत २४ च्या आसपास. का ते खाली सांगतो, पण हे वाचून पूर्ण व्हायच्या आधी हीटरचा नॉब फिरवून आलात तरी चालेल.

आपण सगळे मासा आजारी दिसला की त्याच्या अंगाकडे बघतो, ठिपका आहे का, चट्टा आहे का, आणि मग फोटोशी जुळवत बसतो. मला विचाराल तर अंगावरच्या खुणा नंतर बघा, आधी कोण कधी गेलं त्याची यादी करा. मरण्याचा क्रम जेवढं सांगतो तेवढं चट्टा नाही सांगत. सगळी टाकी एका रात्रीत किंवा एका दिवसात कोसळली, सगळ्या जातीचे मासे एकदम वर येऊन धापा टाकायला लागले, तर तो आजार नसतो, ते पाणी असतं. क्लोरीन, अमोनिया, नाहीतर खोलीत कुणीतरी डासांचा स्प्रे मारला आणि एअर पंपाने ती हवा सरळ पाण्यात ओढली. कीटकनाशक स्प्रेमधली पायरेथ्रॉइड्स माणसाला फारशी बाधत नाहीत पण माशांना भयंकर विषारी, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. टाकीतले श्रिम्प (छोट्या कोळंब्या) आधी मेले आणि मासे ठीक, तर तांबं किंवा कीटकनाशक. मोठे मासे आधी गेले, तेही पहाटे, आणि गुरामी, बेटा (फायटर मासा) मात्र मजेत, तर ऑक्सिजन कमी पडला, कारण हे वर येऊन हवा घेऊ शकतात, बाकीचे बहुतेक नाही घेऊ शकत.

तुमच्याकडे यातलं काहीच नाही. तुमच्याकडे नवीन आलेले आधी, मग त्यांचे जातवाले, मग जवळचे, मग दुसरे, असं दिवसामागून दिवस सरकतंय. हे पसरणारं आहे, बाहेरून आलंय. (आणि गुरामी ठीक आहे म्हणजे कल्ल्यांचा आजार नाही असं मात्र समजू नका, वरचंच कारण, तो हवेवर भागवू शकतो.)

तरीही अमोनिया, नायट्राइट आणि पीएच आज तपासा. तुम्ही जी औषधं टाकलीत त्यातल्या काहींमुळे फिल्टरमधले, माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणू मेले असू शकतात आणि मग आजार एक आणि त्यावर अमोनिया दुसरा असं होतं. अमोनिया-नायट्राइट दोन्ही शून्य पाहिजे. पीएच का, तर अमोनियाचा विषारी भाग पीएचवर ठरतो, २५ डिग्रीला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला साधारण अर्धा टक्काच विषारी रूपात असतो, ८ ला तोच पाच टक्क्यांच्या वर जातो. जुन्या टाकीत पीएच हळूहळू घसरलेला असतो, तिथे कुणी घाबरून एकदम ८० टक्के पाणी बदललं की पीएच उडी मारतो आणि साचलेला निरुपद्रवी अमोनिया विषारी होतो, आणि मग लोक म्हणतात पाणी बदललं म्हणून मासे मेले. म्हणून रोज २५-३० टक्के, क्लोरीन काढून, तेवढ्याच तापमानाचं. त्यापेक्षा मोठी घाई नको.

आता आजाराबद्दल. मी समोर बसून मासा बघितलेला नाही, त्यामुळे खात्री देत नाही, पण माझी पहिली शंका कॉलम्नॅरिस. फ्लेव्होबॅक्टेरियम कॉलम्नेर नावाचा जिवाणू. पाठीच्या पराभोवती खोगीर घातल्यासारखा करडा-पांढरा चट्टा, कडेला कधी पिवळसर छटा, तोंडाभोवती कापूस. दिसायला बुरशी वाटते आणि लोक बुरशीचं औषध टाकत बसतात. माशांवरची नेहमीची बुरशी म्हणतात ती सॅप्रोलेग्निया, ती लांब तंतूंची, झुलणारी, आणि ती बहुधा आधीच्या जखमेवर येते, धडधाकट माशांमधून अशी एकाकडून दुसऱ्याकडे पळत नाही. कॉलम्नॅरिस पळतो, गप्पी-प्लॅटी-मॉलीवर त्याचा विशेष जोर, आणि कल्ल्यात शिरला तर बाहेर काहीच न दिसता मासा एक-दोन दिवसात जातो. आणि तो गरम पाण्यात चेकाळतो. इथेच तुमचा ३० डिग्रीचा हिशोब उलटा पडला. व्हाइट स्पॉटला तापमान वाढवणं बरोबर असतं कारण त्या परजीवीचं चक्र गरम पाण्यात लवकर पुरं होतं आणि औषध फक्त त्याच्या पोहणाऱ्या अवस्थेतच लागू पडतं, पण तो सल्ला जो तो प्रत्येक आजाराला देत सुटतो त्याचा मला राग येतो. शिवाय गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि ज्याचे कल्ले आधीच सडतायत त्याला तेच नको असतं. म्हणून एअर स्टोन जादा लावा, आत्ताच.

पण शंका म्हणजे निदान नाही, दोन गोष्टी बघून घ्या. रात्री खोलीतले दिवे बंद करून टॉर्च बाजूने तिरका मारा, अंगावर सोनेरी धुरळा चमकला तर व्हेल्वेट नावाचा परजीवी आजार, त्याची वाट वेगळी, तिथे तांब्याचं औषध आणि दिवे मंद, आणि तांबं म्हटलं की श्रिम्प-गोगलगायी आधी बाहेर काढायच्या. मासे दगडाला अंग घासत असतील, एक कल्ला मिटून एकानेच श्वास घेत असतील आणि चट्टा-बिट्टा काही नसेल, तर कल्ल्यातल्या फ्लूक्सचा (चिकटून राहणाऱ्या बारीक किड्यांचा) विचार करा, त्याला प्राझिक्वान्टेल हे औषध. गप्पींच्या शौचाच्या जागेतून लाल धाग्याची टोकं बाहेर डोकावत असतील तर ते कॅमॅलानस किडे, तिथे लेव्हामिसोल. खवले अननसासारखे उभे राहिले तर लोक ड्रॉप्सी ड्रॉप्सी म्हणतात, पण ते लक्षण आहे, आत किडनी बंद पडत आलेली असते, तिथे फार आशा ठेवू नका.

यातलं काही नसेल आणि चट्टा तसाच असेल तर कॉलम्नॅरिस धरून चला. आजारी मासे वेगळ्या टाकीत, खाली वाळू-खडे काही नको, एक स्पंज फिल्टर, लपायला पाइपचा तुकडा, पाणी २४ ला, लिटरमागे एक ग्रॅमपासून मीठ. मिठाचा या जिवाणूवर उपयोग होतो, पण मोठ्या टाकीत झाडं असतील तर तिथे नको, तुम्ही टाकलेलं मीठसुद्धा पाणी बदलत बदलत काढा. अँटिबायोटिक लागेल, आणि ते ग्राम-निगेटिव्ह (कॉलम्नॅरिस ज्या गटात मोडतो त्या) जिवाणूवर चालणारं हवं. माशांचं काम करणारे पशुवैद्य मिळाले तर त्यांना विचारून घ्या, अंदाजाने अर्धा डोस आणि दोन दिवसांनी बंद असलं काही करू नका, त्याने जिवाणू मरत नाही, शहाणा होतो. टेट्रासायक्लिन वर्गातलं औषध कठीण पाण्यात कॅल्शियमला चिकटून निकामी होतं हेही लक्षात ठेवा. आणि औषध चालू असताना फिल्टरमधला कार्बन काढा. हे इतकं साधं आहे आणि तरीही दर वेळी कुणीतरी औषध टाकून कार्बनने शोषून घेतं आणि मग औषध नकली होतं म्हणतं.

मेलेला मासा दिसल्याबरोबर काढा, बाकीचे त्याला कुरतडतात आणि तिथूनही पसरतं. टाकायच्या आधी कल्ल्याचं झाकण उचलून आत बघा. लालभडक असेल तर कल्ले बहुधा ठीक, चॉकलेटी असेल तर नायट्राइट, फिक्कट आणि चिकट किंवा कडेने पिवळट-पांढरा झडलेला असेल तर आपली शंका पक्की होत चालली. कुणाकडे सूक्ष्मदर्शक असेल तर चट्ट्यावरून हलकं खरवडून काचेवर घ्या, लांब बारीक काड्यांसारखे जिवाणू एकमेकांवर ढीग करून उभे दिसतात, ते दिसलं की वादच संपला. प्रयोगशाळेत द्यायचा असेल तर मरायला टेकलेला जिवंत मासा उत्तम, नाहीतर नुकता मेलेला बर्फावर, फ्रीजरमध्ये गोठवलेला नको, गोठला की आतलं काही नीट वाचता येत नाही.

एक वेगळं सांगतो, घाबरवायला नाही. जुन्या माशांपैकी कुणी महिनोन्महिने खातोय तरी वाळतोय, पाठ वाकलीय, अंगावर न भरणारा व्रण आहे, असं असेल तर ते माशांचं टीबी असू शकतं, मायकोबॅक्टेरियम मरिनम, आणि ते हातावरच्या जखमेतून माणसाला लागतं. म्हणून हे सगळं निवळेपर्यंत हाताला कापलं-खरचटलं असेल तर ग्लोव्ह्ज घालूनच टाकीत हात घाला आणि सायफनचं पाणी तोंडाने ओढू नका. तुमच्या लक्षणांचा वेग बघता हे ते नाही असंच वाटतं, टीबी इतक्या घाईत नसतं.

जाळं, सायफन, बादली या टाकीची वेगळी ठेवा, दुसरी टाकी असेल तर तिचं काम आधी उरका आणि मग या टाकीकडे या. मासे सावरले तरी चार आठवडे नवीन काही सोडू नका, आणि पुढे येणारा प्रत्येक मासा त्याच साध्या वेगळ्या टाकीत तेवढेच दिवस राहू दे. दुकानातल्या पिशवीतलं पाणी आपल्या टाकीत ओतायचं नाही, मासा फक्त जाळ्याने घ्यायचा. आजारी टाकीचं पाणी आणि मेलेले मासे नदी-तळ्यात सोडू नका.

तर आता अमोनिया, नायट्राइट आणि पीएचचे आकडे, औषधांची नावं आणि कुठल्या दिवशी कुठलं टाकलं ते, आणि एखाद्या आजारी निऑनचा बाजूने काढलेला स्पष्ट फोटो पाठवा. निऑनचा रंग आतून पांढरट उडालाय का तेही बघा, कारण त्यांना एक वेगळा न बरा होणारा परजीवी आजारही होतो आणि तो कॉलम्नॅरिससारखाच दिसतो, तसं असेल तर त्या निऑनवर औषध वाया घालवायला नको, बाकीच्यांपासून बाजूला करायचं.