नाटक पाहून आशयसूत्रावर लिहिताना

संहिता, म्हणजे नाटकाचा लिखित मजकूर, आधी वाचून जा, पण लिहायचंय ते प्रयोगाबद्दल. नवखे हमखास कथानक सांगत बसतात. कथानक शिक्षकांना ठाऊकच असतं.

एकच सूत्र धर. ‘एकटेपणा’ हा नुसता विषय झाला. नाटक त्याबद्दल काय म्हणतंय, ते आशयसूत्र; ते एका वाक्यात मांड. मग पुरावे रंगमंचावरून गोळा कर:

- कोण कुणापासून किती लांब उभं आहे
- प्रकाश शेवटी कुणावर उरतो
- संवाद थांबल्यावर काय घडतं

समज, बाप बोलतोय आणि पाठमोरी मुलगी घडी केलेली चादर पुन्हा उलगडून घडी घालतेय. हे संहितेत नसेलही! तुझा सगळ्यात चांगला परिच्छेद तिथेच आहे.

अंधारात टिपणं नकोत, नजर हटते. मध्यंतरात खरड. संगीत, वेशभूषा सध्या राहू दे.