पाँपेईत सापडलेली 'लक्ष्मी' आपल्या महाराष्ट्रातून चोरून नेली होती का? ती परत मागता येईल का?

चोरीबिरी काही नाही. मी जालना जिल्ह्यातल्या भोकरदनचा, म्हणून हा प्रश्न दिसल्यावर राहवलं नाही. ही 'लक्ष्मी' म्हणजे इटलीत ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात सापडलेली प्राचीन भारतीय मूर्ती.

माझ्या लग्नाच्या बैठकीत थोरल्या मेहुण्यांनी (पुणे, सदाशिव पेठ) विचारलं होतं, "भोकरदनला बघण्यासारखं काय आहे हो?" सगळे हसले. मीही हसलो. चौदा वर्षांनी सहकुटुंब इटलीला गेलो, तेव्हा हट्टाने एक दिवस नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयासाठी काढून घेतला. मूर्ती ठेवलीय कुठे, तर 'गुप्त दालना'त, पाँपेईतल्या कामुक चित्रांच्या शेजाराला. बरोबर सासूबाई. मेहुण्यांनी डोळे वटारले. मी इकडेतिकडे न बघता काचेपुढे जाऊन उभा राहिलो.

हस्तिदंताची, जेमतेम वीतभर. पायांची अढी, हातभर बांगड्या, पायांत जड तोडे, दोन्ही बाजूंना दोन इवल्या दासी. डोक्यात वरून भोक पाडलंय. म्हणजे आरशाची मूठ असेल नाहीतर फर्निचरचा पाय; देव्हाऱ्यातली नव्हेच. 'लक्ष्मी' हे नाव मागाहून चिकटलं, बहुधा यक्षी, म्हणजे समृद्धीची लोकदेवता, असावी.

मेहुणे म्हणाले, "बघा, आपलं सगळं लुटून नेलं यांनी!" झालं, तिथेच जुंपली. अहो, पाँपेईजवळचा व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला इ.स. 79 मध्ये. तेव्हा ती राखेखाली गेली ती 1938 मध्ये इटालियन पुरातत्त्वज्ञ मायुरींच्या उत्खननात वर आली. लुटायला कोण गेलं होतं? त्या काळी पैठणचा, (धाराशिवजवळच्या) तेरचा माल गाड्यांवर लादून गुजरातेतल्या भडोच बंदराला जायचा आणि तिथून जहाजाने पश्चिमेला. भडोचहून हस्तिदंतही जायचा. आपण विकायचो आणि पैसे मोजून घ्यायचो. वर्षाला 5 कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) भारतात जातात म्हणून रोमचा लेखक प्लिनी गळा काढत होता. तोही त्याच ज्वालामुखीत गेला, बिचारा.

आणि भोकरदनला काय आहे? 1973 च्या उत्खननात तिथे अशीच हस्तिदंती बाई निघाली. वरचा भाग तुटलेला, पण शेजारी तशाच दासी. तेरच्या लामतुरे संग्रहालयात तिची आणखी एक बहीण आहे. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत 'भोगवर्धन'ची माणसं आहेत, ते भोगवर्धन म्हणजे आमचं गाव. पेठा तेव्हा वसायच्या होत्या.

परत मागण्याचं म्हणाल, तर विकलेली वस्तू कुठल्या तोंडाने मागणार? मागायचंच असेल तर एवढंच मागा, की तिला त्या दालनातून हलवा.

एक गोष्ट मात्र मेहुण्यांपुढे बोललो नाही, इथे सांगतो. मूर्तीवर खरोष्ठी अक्षर कोरलेलं आहे, आणि ती लिपी वायव्येकडची, गांधारची. त्यामुळे ती आमच्याकडेच घडली असं छातीठोक म्हणता येत नाही. अभ्यासकांत अजून वाद आहे.

मेहुणे अजून भोकरदनला आलेले नाहीत. जालन्याहून एसटी आहे.